वगळलेला उमेदवार

माझं डच परीक्षेत पास होण्याइतकं आहे, वर्तमानपत्रात छापण्याइतकं नाही, हे मी त्या आजोबांना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांनी शांतपणे मान डोलावली आणि तरीही आपलं काम माझ्या गळ्यात घातलं. आमच्या शेजारच्या गावातल्या बेसबॉल क्लबला नवा मॅनेजर हवा होता. तो कोण मिळतो याची बातमी तिथल्या साप्ताहिकासाठी लिहायची, एवढंच काम. गेली चाळीसेक वर्षं त्या क्लबची प्रत्येक बातमी आजोबांनीच लिहिली होती. पण या वेळी उमेदवारांमध्ये त्यांचा स्वतःचा मुलगा होता.

बेसबॉल आमच्या घरात मुलीमुळे शिरलं. आम्ही पुण्याचे, राहायला नीउ-व्हेनेप या डच गावात. नवऱ्याचा सगळा जीव क्रिकेटमध्ये. मुलगी आठ वर्षांची असताना शाळेतल्या मैत्रिणीबरोबर एका शनिवारी त्या मैदानावर गेली आणि केसांत लाल माती घेऊन परत आली. "होंकबल," तिनं जाहीर केलं. बेसबॉलला इथे होंकबल म्हणतात. नवरा म्हणाला, "अगं, हे म्हणजे आपलं क्रिकेटच, फक्त घाईत असलेल्या लोकांसाठी." ज्यातलं आपल्याला कळत नाही त्यावर बाबानं बोलू नये, असं तिनं त्याला डचमध्ये सुनावलं. मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर ती स्वतःच्या सोयीच्या भाषेत देते, आणि भांडायला तिला डच सोयीचं पडतं.

इथल्या क्लबात मुलाला सोडून आईबापांना घरी जाता येत नाही. नाव नोंदवण्याच्या फॉर्मवरच विचारतात, तुम्ही काय काम करणार? कँटीनमध्ये तळण काढणार, पंच होणार, का मैदानावर रेषा आखणार? मी आयटीत टेस्टर आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते. तळण माझ्या हातून एक तर कच्चं राहतं नाहीतर करपतं. यादीच्या अगदी शेवटी 'वेबसाइटसाठी मजकूर' असं होतं, त्यावर मी खूण केली. तेव्हापासून मुलांच्या सामन्यांचे चार-सहा ओळींचे वृत्तांत मी लिहू लागले. ते कोणी वाचत असेल असं मला वाटत नव्हतं.

आजोबा वाचत होते. ते निवृत्त पोस्टमन. दर आठवड्याला घराघरांत फुकट पडणारं जे साप्ताहिक असतं, निम्मं जाहिरातींचं, त्यातलं खेळाचं पान ते लिहायचे. त्याचा मोबदला म्हणून त्यांना काय मिळतं असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पुढच्या आठवड्याचं पान." फलंदाजाच्या पाठीमागे, जाळीला लागून एक लाकडी खोपटं होतं. तिथे ते गुडघ्यावर कागद लावलेली पाटी ठेवून पेन्सिलीनं प्रत्येक चेंडूची नोंद करायचे. पहिल्या संघाचा सामना असो की दहा वर्षांच्या पोरांचा, त्यांची पाटी तीच आणि पेन्सिलीचं टोकही तितकंच अणकुचीदार.

माझी आणि त्यांची ओळख रागातून झाली. त्यांनी एका वृत्तांतात लिहिलं होतं की चेंडू भरकटल्यामुळे पाहुण्या संघाच्या चार फलंदाजांना पाठोपाठ फुकट पहिल्या बेसवर जाऊ दिलं गेलं आणि सामना तिथेच गेला. ते जाऊ देणारी गोलंदाज म्हणजे माझी लेक. खाली तिचं नाव, पूर्ण आडनावासकट. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दहा वर्षांच्या मुलीबद्दल असं छापतात? पुण्यात असते तर त्या संपादकाला फोन करून त्याची शाळाच घेतली असती. मी सायकल काढणार तेवढ्यात स्वयंपाकघरात पाहिलं, तर पोरीनं तो तुकडा कापून फ्रिजवर चिकटवला होता. म्हटलं, अगं, हे कशाला लावलंस? ती इंग्रजीत म्हणाली, "कारण ते खरं आहे. आणि पुढच्या ओळीत लिहिलंय बघ, पाचव्या फलंदाजाला मी बाद केलं." पुढची ओळ मी वाचलीच नव्हती. तिथे तेही लिहिलं होतं, तितक्याच साध्या शब्दांत. मी सायकल परत ठेवली. त्यानंतर मी त्या खोपट्यात जाऊन त्यांच्या शेजारी बसायला लागले.

मॅनेजर म्हणजे आमच्या ऑफिसात जो दर सोमवारी सगळ्यांना मीटिंगला बोलावतो आणि स्वतः उशिरा येतो तो. बेसबॉलमधला मॅनेजर काय असतो हे मला आजोबांनी शिकवलं. तो खेळाडूंसारखाच गणवेश घालतो, पोट सुटलेलं असलं तरी. कोण कितव्या क्रमांकावर खेळणार हे तो ठरवतो. आणि गोलंदाज दमला, त्याचे चेंडू भरकटायला लागले, की तो मैदान ओलांडून मधल्या उंचवट्यापर्यंत चालत जातो आणि हात पुढे करतो. गोलंदाजानं एक शब्द न बोलता चेंडू त्या हातात ठेवायचा आणि बाहेर जायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. एवढा मोठा दांडगा पोरगा, डोळे भरलेले, आणि तरी चेंडू ठेवतोय. "सगळी नोकरी त्या चालण्यात आहे," आजोबा म्हणाले होते. "बाकीचं कोणीही करेल."

त्यांचा मुलगा चाळिशी ओलांडलेला, पेशानं इलेक्ट्रिशियन. याच क्लबात खेळत मोठा झाला, आणि आठ हंगाम पहिल्या संघाचा सहायक होता. बुधवारी दुपारी काम लवकर आटपून तो लहान मुलांना शिकवायचा. माझ्या मुलीचा हात खांद्यातून कसा फिरला पाहिजे हे त्यानं तिला तासन्‌तास दाखवलं होतं, आणि एकदाही आवाज चढवला नव्हता. जुना मॅनेजर शरद ऋतूत पायउतार झाला तेव्हा त्यानं अर्ज केला. लहानपणापासून त्याला हेच हवं होतं, हे क्लबातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

मग प्रादेशिक दैनिकाच्या वेबसाइटवर एक बातमी आली. 'विश्वसनीय सूत्रांनुसार' हे पद त्यालाच मिळणार. झालं! क्रिकेटच्या कर्णधारपदावरून असल्या सूत्रांचा धुरळा पाहत मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे मला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं. सुपरमार्केटात लोक आजोबांचा हात हातात घेऊन अभिनंदन करायला लागले. ते प्रत्येकाला एकच सांगायचे, "मला काही माहीत नाही. समितीनं अजून कोणाची मुलाखतसुद्धा घेतलेली नाही." लोकांना तो विनय वाटायचा. तो विनय नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं, कारण अर्ज केल्याच्या दिवशीच बापलेकांनी ठरवलं होतं की निकाल लागेपर्यंत घरात हा विषय काढायचा नाही. आणि आजोबांनी साप्ताहिकाच्या संपादकाला कळवून टाकलं की या एका प्रकरणात मी लिहिणार नाही, दुसरं माणूस देतो.

ते दुसरं माणूस मी.

"मला बेसबॉलही अर्धं येतं आणि डचही अर्धं," मी म्हटलं.

"तुम्ही इथे कोणाच्या नात्यातल्या नाही," ते म्हणाले. "या गावात तसं माणूस शोधणं अवघड आहे. भाषा मी तपासून देईन. मजकुराला हात लावणार नाही."

समितीत तिघं होते: क्लबचे अध्यक्ष, पहिल्या संघाचा कर्णधार आणि मैदानाची माती राखणाऱ्या बाई. या बाई समितीत का, असं मी अध्यक्षांना विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मैदानात माती कशाला असं विचारलंय. तीन अर्ज होते. एकानं नोकरी बदलल्यामुळे माघार घेतली. उरले आजोबांचा मुलगा आणि कापेल आन डेन आयसेलला राहणारा एक मूळचा कुरासाव बेटावरचा गृहस्थ. हा तिथे ऑफिसात काम करायचा, आणि त्याआधी दक्षिणेतल्या दोन संघांचा मॅनेजर होता.

निकाल एका रविवारी दुपारी लागला. अध्यक्षांनी मला फोन करून क्लबवर बोलावून घेतलं आणि वही काढायला सांगितली. कापेलचा माणूस निवडला होता. मुलाला त्यांनी सकाळीच घरी जाऊन सांगितलं होतं. मी विचारलं, "का?" मला वाटलं, आता काखा वर करतील. पण त्यांनी सरळ सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात मॅनेजर आजारी असताना एक सामना मुलानं सांभाळला होता. गोलंदाज दमला होता, सगळ्यांना दिसत होतं. तो त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. मुलगा दोनदा उठला आणि दोनदा परत बसला. चेंडू काढून घ्यायला तो चालत गेलाच नाही. सामना गेला आणि त्या दोस्ताचा खांदा पुढचे दोन महिने दुखत राहिला. "चांगला शिक्षक आहे तो," अध्यक्ष म्हणाले. "पण त्याच्याच्यानं ते चालणं होत नाही. हे मी त्याला सांगितलंय. तुम्ही लिहू शकता."

तुम्ही लिहू शकता! मग त्यांनी टेबलावरचा एक कागदाचा तुकडा माझ्याकडे सरकवला. त्याच सामन्याचा साप्ताहिकातला वृत्तांत. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, गोलंदाजाला एक डाव आधी बाहेर काढायला हवं होतं, आणि त्या दिवशी संघ कोणाच्या हातात होता, तेही. खाली आजोबांचं नाव. समितीनं ते कात्रण मुलाखतीत समोर ठेवलं होतं.

घरी आले. संध्याकाळी नवऱ्यासमोर बसून बातमी लिहिली. नवा माणूस कोण, त्याचा अनुभव काय, तो कधी रुजू होणार, पहिल्या सरावाची वेळ. मुलाबद्दल एक अक्षर नाही.

"बरोबर केलंस," नवरा म्हणाला. "बापाच्या हातात देणार ना तू हे? मग कशाला टाकायचं? सगळ्यांना माहितीच आहे."

"तेच म्हणते मी. नाही निवडला तर नाही निवडला. ते छापून कोणाचं भलं होणार आहे?"

आपल्याकडे स्थळ नाकारताना मुलाला किंवा मुलीला काय कमी आहे हे कोणी तोंडावर सांगत नाही. पत्रिका जुळली नाही, असं कळवतात. दोन्हीकडच्या लोकांना खरं काय ते समजतं आणि दोन्हीकडची अब्रू राहते. माझ्या स्वतःच्या वेळी चार पत्रिका जुळल्या नव्हत्या, आणि त्याबद्दल मी त्या चारही घरांची अजून आभारी आहे. म्हणून मी एक गुळगुळीत वाक्य तयार केलं: समितीनं अनुभवाला प्राधान्य दिलं. स्वतःवर खूश होऊन मी लॅपटॉप बंद केला. टेस्टर असून मला त्यात चूक दिसली नाही.

सोमवारी सकाळी कँटीनमध्ये आम्ही दोघंच होतो. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, बाहेर वारा. बातमी बारापर्यंत पाठवायची होती. आजोबांनी कागद घेतला आणि पेन्सिलीनं दोन-तीन ठिकाणी डच नीट केलं. निकाल त्यांना आदल्या दिवशीच गावातून समजला असणार. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. शेवटच्या ओळीपर्यंत गेले आणि परत वरून वाचायला लागले. मला वाटलं, आवडलं.

"एक उमेदवार राहिला," ते म्हणाले.

मी काहीतरी पुटपुटले, की जागा कमी होती, आणि तसा तो मुद्दा महत्त्वाचा नव्हता.

"हा मनुष्य अर्ज करून बसला होता. दैनिकानं त्याला निवडूनसुद्धा टाकलं होतं. सगळं गाव याच एका गोष्टीसाठी हे पान उघडणार." ते रागावलेले नव्हते. एखाद्याला सायकलची हवा कमी आहे असं सांगावं, तसं सांगत होते. "त्यांना ते इथे दिसलं नाही, तर ते काय म्हणतील? म्हणतील, स्वतःच्या मुलाचं गाळलं. मग एवढ्या वर्षांत अजून कोणाकोणाचं गाळलं असेल?"

मला बसल्या जागी भुईनं पोटात घ्यावं असं झालं. मी त्यांना वाचवायला गेले होते, आणि त्यांच्या आयुष्यभराच्या कामावर शाई सांडून आले होते.

"निवड का झाली नाही, हे अध्यक्षांनी सांगितलं का?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं."

"वाचा."

मी वही उघडली. एका बापासमोर त्याच्या मुलात काय कमी आहे ते परक्या भाषेत वाचून दाखवायचं, ही शिक्षा मी शत्रूलाही देणार नाही. मी सगळं वाचलं. दोनदा उठून दोनदा बसला, तेही. कात्रणाचं मात्र गाळत होते, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "माझा वृत्तांत त्यांच्यासमोर होता का?" मी हो म्हटलं.

"सामना तसाच झाला होता," ते म्हणाले. मग कागदाच्या समासात त्यांनी स्वतःच्या हातानं दोन वाक्यं लिहिली. आठ हंगाम सहायक असलेल्या अमुक अमुकनंही अर्ज केला होता, त्याची निवड झाली नाही. निर्णायक क्षणी गोलंदाजाला बाहेर काढण्याचा कठोरपणा त्याच्यात कमी पडतो, असं समितीचं मत आहे. नाव, आडनाव. पहिल्या वाक्यापुढे त्यांनी कंस करून लिहिलं: या पानाच्या नेहमीच्या बातमीदाराचा मुलगा. अक्षर नेहमीसारखंच होतं, बारीक आणि सरळ. मजकुराला हात लावणार नाही हा शब्द त्यांनी आयुष्यात एकदाच मोडला असेल, तर तो हा असा.

मी आजवर मोठी मोठी माणसं लांबून पाहिली आहेत, भाषणं ऐकली आहेत. त्या सकाळी टेबलाच्या पलीकडे बसलेल्या त्या म्हाताऱ्याकडे पाहताना मला जे वाटलं ते पूर्वी कधी वाटलं नव्हतं. मला त्यांचा धाक वाटला. उठून नमस्कार करावासा वाटला, आणि तसं केलं तर ते चक्रावून जातील एवढ्यासाठीच मी जागेवर बसून राहिले.

"आता त्याला फोन करा," ते म्हणाले. "ज्याच्याबद्दल असं लिहितो, त्याला आधी विचारायचं असतं."

"मी?"

"बातमी तुमची आहे."

ते उठून खिडकीशी गेले आणि मैदानाकडे तोंड करून उभे राहिले. मी फोन कानाला घट्ट लावला. मुलगा त्या दिवशी कामावर गेला नव्हता. मी त्याला दोन्ही वाक्यं वाचून दाखवली आणि काही म्हणायचंय का, असं विचारलं. मग तो म्हणाला, "निराश झालोय, असं लिहा. पण संघासाठी ते बरोबर आहे. नव्या माणसाला मी हवा असेन, तर गुरुवारी सरावाला मी..." आणि तिथे थांबला. मी वाट पाहिली. फोन बंद झाला होता.

मी त्याचे शब्द जसेच्या तसे टाइप केले. आजोबांनी ते वाचले, शेवटचं अर्धं वाक्य काढायला सांगितलं आणि म्हणाले, "त्यानं ते पूर्ण केलेलं नाही, तर आपण करायचं नाही." बाराला दहा मिनिटं कमी असताना बातमी गेली.

त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली, कोट चढवला, टोपी कानांपर्यंत ओढली. मी कप उचलत होते. दाराशी जाऊन ते थांबले. सकाळपासून ते 'उमेदवार' म्हणाले होते, 'माझा मुलगा' एकदाही नाही.

"त्याचा आवाज कसा होता?" त्यांनी विचारलं.

'ठीक होता' हे माझ्या अगदी ओठांवर आलं. मी ते गिळलं.

"भरून आला होता," मी म्हणाले. "शेवटी त्याला बोलता येईना."

त्यांनी मान हलवली आणि बाहेर गेले. मी खिडकीतून पाहत होते. त्यांचं घर उजव्या हाताला, दोन मिनिटांवर होतं. ते डावीकडे वळले, मुलाच्या घराच्या रस्त्याला, अगदी वाऱ्याच्या तोंडावर. पंचाहत्तरीतला तो माणूस पेडलवर उभा राहून सायकल मारत होता.